सहा ते आठचे नमुने

आठ वाजून बारा मिनिटांनी रंगनाथ निमसे यांच्या गळ्यातली पट्टी दोनदा थरथरायची आणि त्यांचा त्या दिवसाचा आवाज तयार झालेला असायचा. मग ते चहाचा कप खाली ठेवून एकदा "शैला" म्हणून बघायचे, केवळ तपासायला म्हणून. स्वयंपाकघरातून शैलजा "हं" म्हणायची, आणि त्या हुंकारात रोज थोडी नाराजी असायची. आवाज इतका चांगला होता की तिला तो ऐकवत नसे.

रंगनाथराव तालुक्याच्या बाजारात कांद्याचे लिलाव पुकारायचे. वीस वर्षं पुकारल्यावर घशाचा कर्करोग निघाला, डॉक्टरांनी स्वरयंत्र काढलं आणि माणूस वाचला. आवाज मात्र गेला. पण स्वरयंत्र गेलं तरी गळ्याचे स्नायू बोलायचं विसरत नाहीत. माणूस मनात "पाणी दे" म्हणाला, की ते अगदी बारीक हलतात. ही हालचाल टिपून तिचा आवाज करायचा, एवढंच कंठपट्टीचं काम. पण हे स्नायू रोज सारखे नसतात. झोपेनं सूज येते, थंडीनं आखडतात, पट्टी बोटभर सरकते. म्हणून पट्टीतली आज्ञावली रोज नव्यानं जुळवून घ्यावी लागे. माणसांनी लिहिलेली आज्ञावली आणि पट्टीनं टिपलेले नमुने एकत्र करून यंत्राला चालवता येईल असं काही घडवायचं, याला बांधणी म्हणत. ती आपोआप व्हायची. फक्त कधी व्हायची, ते कुणीतरी ठरवावं लागायचं.

ते शैलजा ठरवायची. कालव्याच्या कडेला संगणन सहकारी संस्थेचं केंद्र होतं, तिथं ती एकोणीस वर्षं काम करत होती. वीज कालव्यावर टाकलेल्या सौरपट्ट्यांची, आणि जिल्ह्याचा नियम असा, की जड संगणन ऊन असेल तेवढ्याच वेळात करायचं. म्हणजे सकाळी आठ ते दुपारी चार. तेवढ्यात चाळीसेक कंठपट्ट्या, दूध संघाची यंत्रं, शाळांचे कार्यक्रम, सगळ्यांच्या बांधण्या बसवायच्या. संस्था काढणारे सगळे शेतकऱ्यांच्या घरचे. त्यांनी पाटाच्या पाण्याची शेजपाळी जशीच्या तशी उचलली होती. प्रत्येकाला ठरलेली पाळी, ठरलेली वेळ, आणि एकदा पाळीपत्रक लागलं की एकवीस दिवसांचं आवर्तन संपेपर्यंत ते हलवायचं नाही. मध्येच हलवायचं तर सगळ्या सभासदांची सभा घ्यायची, लेखी कारण द्यायचं आणि सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या. पाळी चोरण्यावरून आपल्या वडिलांनी एकमेकांची डोकी फोडलेली त्यांच्यातल्या निम्म्यांनी पाहिली होती. पत्रक लिहिणाऱ्या शैलजाला सगळे गमतीनं पाटकरीण, म्हणजे पाटाचं पाणी वाटणारी, म्हणत, आणि तिला ते आवडायचं.

रंगनाथरावांची पहिली कंठपट्टी शैलजानंच लिहिली होती. नवऱ्यासाठी म्हणून जीव ओतून लिहिली होती. वर्षभराचे नमुने साठवायचे आणि त्यांची सरासरी काढून आवाज घडवायचा, ही तिची रीत. आवाज निघाला, शब्द कळले, चूक एकही नाही. फक्त तो बँकेत टोकन पुकारतात तसा यायचा. तिसऱ्या दिवशी रंगनाथराव बाजारातून परत आले, पट्टी काढून टेबलावर ठेवली आणि मोबाइलवर लिहून दाखवलं, 'हा मी नाही.' शैलजा त्या दिवशी न्हाणीघरात नळ सोडून रडली. पुढे दीड वर्ष ते पट्टी गरजेपुरती घालत आणि बाकीचं लिहून दाखवत.

मग संगमनेरहून कल्याणी देठे केंद्रात आली. बत्तीस वर्षांची, हसरी, आणि कामात इतकी हुशार की राग यावा. तिची रीत उलटी होती. जुनं सगळं विसरायचं, बांधणीच्या आधीच्या फक्त दोन तासांचे नमुने घ्यायचे आणि आवाज रोज कोरा करकरीत घडवायचा. रोज घर पाडून रोज बांधायचं का, असं शैलजानं हसत विचारलं होतं. आपण केर रोज काढतोच की ताई, असं कल्याणी म्हणाली होती.

तिनं लिहिलेली पट्टी पहाटेच घरी गळ्यात बांधून रंगनाथराव केंद्रात आले आणि बांधणी झाल्यावर तिथंच पहिला शब्द बोलले. "शैला." दोन वर्षांनी तोच आवाज, थोडा खर्जातला, नावाच्या शेवटी जरा रेंगाळणारा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कल्याणीच्या डोळ्यांत पाणी आलं. शैलजाही हसली. नाव माझं, नवरा माझा, आणि आवाज मात्र हिनं दिला, हे तिच्या मनात आलं ते पुन्हा गेलंच नाही.

त्यानंतर वर्षभर तिनं स्वतःला समजावलं. नवऱ्याला वाचा आली की अजून काय हवं, असं शेजारणी म्हणत आणि तीही मान हलवे. पण रंगनाथराव जेवताना कल्याणीताईचं कौतुक करत. मळ्यातली पहिली कांद्याची गोणी कल्याणीताईकडे गेली. बाजारात लोक म्हणू लागले, की हा माणूस लिलाव पुकारतो की घरी जेवायला बोलावतो, इतकं गोड बोलतो. तेही रंगनाथराव घरी येऊन कल्याणीच्याच खात्यावर जमा करत. वर्तमानपत्रात फोटो आला. मध्ये रंगनाथराव, शेजारी कल्याणी, आणि एका कडेला शैलजाचा कोपर. रंगनाथरावांनी तो कापून फ्रिजवर लावला. शैलजा रोज त्यातलं दूध काढताना स्वतःचा कोपर बघायची.

या दोघांत काही वावगं आहे असं तिला एकदाही वाटलं नाही. तसं असतं तर भांडता तरी आलं असतं. इथं भांडायचं कुणाशी? नवरा सकाळी सकाळी प्रेमानं बोलायचा आणि ती मनात म्हणायची, हे प्रेम माझ्या रीतीतून का निघालं नाही.

मार्गशीर्षात नवं पाळीपत्रक लिहायची वेळ आली. कल्याणीकडे अकरा पट्ट्या होत्या आणि त्यांची पाळी सकाळी आठची होती. शैलजानं त्या अकराच्या अकरा दुपारी तीनवर नेल्या. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'बांधण्या हलक्या आहेत, उतरत्या उन्हातही होतात. सकाळची वेळ दूध संघाला द्यावी.' ओळ चुकीची नव्हती. खरी मात्र नव्हती. खरं असं होतं, की दुपारी घडवलेला आवाज रात्रभर शिळा होईल, सकाळी सुजलेल्या गळ्यावर नीट बसणार नाही आणि थोडा बिघडेल, असा तिचा हिशेब होता. फार बिघडावा असं तिला वाटत नव्हतं. 'कल्याणीचं पूर्वीसारखं राहिलं नाही' एवढं एकदा नवऱ्याच्या तोंडून ऐकू आलं असतं तरी तिला पुरलं असतं.

कल्याणी एकदा येऊन म्हणाली, की सकाळचीच राहिली असती तर बरं झालं असतं. शैलजानं दूध संघाचं कारण पुढं केलं. कल्याणीनं थोडा विचार केला. स्नायू ते स्नायू, सकाळी काय आणि दुपारी काय, असं म्हणून ती गेली. आज्ञावली तिचीच असून तिलाही त्यात काही खटकलं नाही.

पहिल्या दिवशी संध्याकाळी सहाला रंगनाथराव घरी आले आणि म्हणाले, "चहा!" शैलजाच्या हातातलं पातेलं निसटलं. आवाज त्यांचाच होता, पण घाईचा, चढा, शेवटाला वर जाऊन थांबणारा, जणू पुढची बोली कोण लावतंय याची वाट बघत असावा. जेवताना ते म्हणाले, "मीठ कमी! कमी! मीठ!" दोघंही खूप हसले. त्यांनी पट्टीची कळ फिरवून आवाज बारीक केला. तो बारीक झाला, पण चढा तो चढाच राहिला. दुसऱ्या दिवशीही हसले. तिसऱ्या दिवशी नागपूरहून मुलीचा फोन आला तेव्हा तिनं आईला हळूच विचारलं, की बाबा रागावलेत का.

चौथ्या दिवशी शैलजाचा गुडघा धरला होता. ती खुर्चीचा आधार घेत उठली तेव्हा रंगनाथराव म्हणाले, "दुखतंय का!" आणि ते असं आलं, की तिनं काही गुन्हा केला असावा. ती फटकन म्हणाली, की दुखतंय तर दुखतंय, ओरडायला काय झालं. रंगनाथराव तिच्याकडे बघत राहिले. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं. मग पट्टी काढून दाराशेजारच्या खुंटीला अडकवली.

तेव्हापासून ते घरात आले की पट्टी खुंटीवर जायची, आणि दुसऱ्या दिवशी बाजाराला निघतानाच गळ्यात यायची. काही हवं असलं की ते मोबाइलवर लिहीत, आणि ते फारसं काही मागत नसत. शैलजाला क्षणभर बरं वाटलं होतं, हे कबूल केलं पाहिजे. कल्याणीचा आवाज घरातून गेला होता. पण दोन दिवसांत तिच्या लक्षात आलं की त्याच्याबरोबर नवराही निम्मा गेलाय. सकाळी चहाला दोघं समोरासमोर बसत आणि फक्त घड्याळाचा आवाज येई.

केंद्रात कल्याणीची तारांबळ उडाली होती. अकरातल्या तिघांना दुपारी झोपायची सवय होती, त्यांचे दोन तासांचे नमुने कोरेच यायचे आणि पट्टी मुकी व्हायची. कल्याणी रोज दुपारी त्यांच्या घरी जाऊन त्यांना जागं ठेवायची, त्यांच्याशी गप्पा मारायची. पोपटराव गागरे दुपारी पारावर पत्ते खेळत. त्यांची पट्टी आता सुनेवरही पत्त्यातल्या भिडूवर ओरडावं तशी ओरडे. सुनेनं केंद्रात फोन करून सांगितलं, की मामंजी असे नव्हते हो. कल्याणी तिची माफी मागून पुन्हा आज्ञावली तपासत बसली. शैलजा समोरच्या टेबलावरून हे सगळं बघत होती आणि तिला कामात लक्ष घालता येत नव्हतं.

बाराव्या दिवशी कल्याणी दोन आलेख घेऊन तिच्या टेबलाशी आली. डोळ्यांखाली काळं झालं होतं, पण चेहरा काहीतरी सापडल्याचा होता.

"ताई, स्नायू ते स्नायू नसतात. माझंच चुकलं."

तिनं समजावून सांगितलं. दोन तासांचे नमुने घेतले की गळ्याची ठेवण तर येतेच, पण त्या दोन तासांत माणूस ज्याच्याशी बोलला, त्याच्याशी बोलतानाचा ताणही येतो. पत्ते खेळणाऱ्याचा भिडूशी, लिलाव पुकारणाऱ्याचा व्यापाऱ्यांशी. आज्ञावली तो ताण उचलते आणि दिवसभर सगळ्यांशी त्याच सुरात बोलते. रंगनाथरावांचे दुपारी एक ते तीन म्हणजे भर लिलाव.

"म्हणजे त्यांचा तो गोड आवाज मी केलेलाच नव्हता," कल्याणी म्हणाली. "तो सकाळी सहा ते आठच्या नमुन्यांतून यायचा. ताई, त्या वेळात ते कुणाशी बोलायचे?"

शैलजानं आलेख हातात घेतला, पण तिला त्यातलं काही दिसेना. सकाळी सहा ते आठ ती कणीक मळायची, डबे भरायची, आणि ते मागे खुर्ची टाकून बसायचे. काल कोण भेटलं, कुणाच्या म्हशीनं काय केलं, रात्री कुठलं स्वप्न पडलं. ती हं, हं करायची. अर्धं ऐकायची आणि अर्धा वेळ मनात कल्याणीचा राग करायची.

"माझ्याशी," ती म्हणाली.

सबंध बाजारानं ज्या आवाजाचं कौतुक केलं, तो रंगनाथरावांचा तिच्याशी बोलण्याचा आवाज होता. वर्षभर ती ज्याच्यावर जळली, ते तिचंच होतं. आणि ते तिनं स्वतःच्या हातानं दुपारी तीनवर नेऊन ठेवलं होतं.

कल्याणी पुढे बोलत होती. आजच सभा बोलवू, कारणात तांत्रिक दुरुस्ती लिहू, कुणी नाही म्हणणार नाही. तसं होण्यासारखंही होतं. आवर्तनाचे नऊ दिवस राहिले होते, गप्प राहिलं तरी नव्या पत्रकात पाळी सहज बदलता आली असती. पण आपल्याखेरीज आणखी दहा जणांच्या घरी अजून नऊ दिवस परकं माणूस बोलणार होतं. आणि त्या रकान्यात एकदा खोटं लिहून झालं होतं.

"तांत्रिक काही नव्हतं गं त्यात," शैलजा म्हणाली. "तुझं काम थोडं बिघडावं म्हणून मी पाळी हलवली."

कल्याणीनं हातातला दुसरा आलेख टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "मला एकदा वाटलं होतं तसं. पण म्हटलं, तुम्ही नाही करायच्या."

कल्याणीनं आलेख गोळा केले आणि आपल्या जागेवर जाऊन बसली. तिनं दोन शिव्या दिल्या असत्या तरी सोपं गेलं असतं.

सभा दुसऱ्या दिवशी दुपारी झाली. अध्यक्ष दगडूभाऊ शिरसाठ यांनी चष्मा लावून अर्ज वाचायला घेतला. पाळी सकाळी आठला परत न्यावी, इथपर्यंत मोठ्यानं वाचलं आणि कारणापाशी थांबले. कारणाच्या रकान्यात एकच शब्द होता, 'मत्सर.' त्यांनी कागद उलटून बघितला, मागे काही नव्हतं. मग त्यांनी विचारलं, की हे कुठल्या सदरात नोंदवायचं. दूध संघाच्या बाई म्हणाल्या, मानवी चूक म्हणून टाका. शैलजा उभी राहिली आणि म्हणाली, की चूक नव्हती, मुद्दाम केलं होतं. गुडघा दुखत होता तरी ती सगळ्यांच्या सह्या होईपर्यंत उभीच राहिली. शेवटी दगडूभाऊंनी एवढंच सांगितलं, की पुढचं पाळीपत्रक कल्याणी लिहील. हेही तिला झोंबलं. इतकं होऊनही झोंबलं, याची तिला स्वतःलाच लाज वाटली.

निघताना कल्याणी तिच्याजवळ आली. आवाजात कोरडेपणा होता, पण कामाचं सांगायला ती चुकली नाही. उद्या सकाळी आठला बांधणी लागेल, पण सहा ते आठ नमुने यायला हवेत. पट्टी खुंटीवर राहिली तर पट्टी मुकी होईल. आणि रंगनाथराव रागानं बोलले, तर तोच राग दिवसभर बोलेल.

"त्यांना सांगा सगळं," कल्याणी म्हणाली. "आणि मग बोलू द्या. तुम्ही फक्त हं हं नका करू."

संध्याकाळी शैलजाला सांगणं जमलं नाही. तिनं ते सकाळवर टाकलं. सकाळी पावणेसहाला तिनं कणीक मळायला न घेता दोन कप चहा केला, खुंटीवरची पट्टी काढली आणि रंगनाथरावांच्या समोर ठेवली. ते पट्टीकडे बघत राहिले. मग तिनं सगळं सांगितलं. पत्रकातली ओळ, दुपारचे तीन, सभा, तो एक शब्द. ती सांगत होती तेव्हा ते मान खाली घालून चहाच्या कपाचा कान बोटानं चाचपत होते. आवाज कुणाशी बोलताना घडला होता, ते तिनं शेवटी सांगितलं. तेव्हा त्यांनी मान वर केली.

चहावर साय धरली. सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. रंगनाथरावांनी पट्टी उचलली, गळ्याभोवती बांधली, बोटानं जागेवर सरकवली. पट्टीत अजून कालच्या दुपारचीच बांधणी होती.

"वर्षभर!" ते म्हणाले. "वर्षभर मनात ठेवलंस! मला एकदा विचारायचं होतंस!"

भांड्यांच्या मांडणीवर आवाज आदळला. चढा, घाईचा, भर बाजारातला. शैलजा त्यांच्या चेहऱ्याकडे बघू लागली. हा लिलावाचा आवाज होता, की ते खरंच इतके रागावले होते? आवाजावरून आज कळायला मार्ग नव्हता, आणि चेहऱ्यावरून ओळखायची सवय इतक्या वर्षांत कधी मोडली, ते तिला आठवेना. आठ वाजायला पावणेदोन तास होते. तिनं खुर्ची पुढं ओढली.

"आता विचारते," ती म्हणाली. "माझ्यावर किती राग आहे तुमचा?"

रंगनाथरावांनी उत्तरासाठी तोंड उघडलं. पट्टीवरचा नमुने टिपणारा हिरवा ठिपका लागला होता.